चेंडूफेक्याचा अभिषेक

सगळा दोष एलिया सरांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गोष्ट वाचता वाचता तुम्हाला सरांचा कळवळा येणार आहे. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, हातात तेलाची बाटली, वगैरे. तेव्हा हे पहिलं वाक्य आठवायचं आणि कळवळा आवरायचा. म्हातारी माणसं दिसायला गरीब असतात, म्हणून त्यांनी केलेलं नुकसान कमी भरत नाही.

एलिया सर म्हणजे जस्टिनचे वडील. आयुष्यभर भूगोल शिकवून रिटायर झाले, पण फक्त शाळेतून. सोनईच्या घरी दूधवाला दारात आला तर त्याला दुधाआधी मोसमी वाऱ्यांची अरबी समुद्राची शाखा घ्यावी लागायची. शिवाय सर मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक. वस्तीत कुणी नवं घर बांधलं, नवी मोटरसायकल घेतली, बोअरमध्ये नवी मोटर सोडली, की समर्पणाच्या प्रार्थनेला पहिलं बोलावणं सरांना. सर वस्तूवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे, लांबलचक प्रार्थना करायचे आणि शेवटी ऑलिव्हच्या तेलाचं बोट लावायचे. बोअरच्या मोटरलासुद्धा. ती मोटर महिनाभरात जळाली, तेव्हा सर म्हणाले, "कंपनीचा दोष."

अशा माणसाच्या पोटी जस्टिन. नगरच्या एका पॉलिटेक्निकात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता. खरं म्हणजे दुसऱ्या वर्षातच राहायला होता. विषय उरले होते. किती, ते विचारू नका. ते विचारायला घरात एक माणूस होता आणि तो रोज जेवताना विचारायचा.

"आप्पासाहेबांशी बोललोय मी," एका दुपारी भाकरी मोडता मोडता सर म्हणाले. आप्पासाहेब म्हणजे सरांच्या हातचा जुना विद्यार्थी. भूगोलात कच्चा होता, म्हणून शिक्षणसंस्था काढली. "त्यांच्या संस्थेत क्लार्कची जागा आहे. मी शब्द टाकलाय. कॉलेज पुरे आता."

"मला क्लार्क व्हायचं न्हाई पप्पा."

"मग काय व्हायचंय?"

याला उत्तर असतं तर विषय राहिले असते का? पण नेमकी त्या आठवड्यात कॉलेजात रोबोटिक्सच्या स्पर्धेची नोटीस लागली होती. यंत्र बनवायचं, यंत्रानं बॉल फेकायचा, बॉल लांबच्या टोपलीत पडला पाहिजे. जिंकणारा संघ पुढं राज्याला. जस्टिनच्या तोंडून निघून गेलं, "मी एक मशीन बनवणारय. त्याचा बॉल टोपलीत पडला तर कॉलेज. न्हाई पडला तर तुमचा आप्पासाहेब."

"एक तरी बॉल?"

"एक तरी."

सरांनी ताटावरून हात पुढं केला, जस्टिननं भाकरीच्या हातानंच तो हातात घेतला. रूथबाई, म्हणजे जस्टिनची मम्मी, म्हणाली, "आधी जेवा." तिच्या मते जगातले सगळे करार जेवणानंतर व्हायला हवेत.

संघात तिघं. कॅप्टन सायली, तिला सगळं यायचं आणि ती ते लपवायची नाही. शेवगावचा पंकज, त्याला वेल्डिंग यायचं आणि भूक लागायची. आणि जस्टिन, ज्याच्या डोक्यात कल्पना यायच्या. (कल्पना येणाऱ्या माणसाला संघात काय म्हणतात ते सायलीला विचारा. इथं छापता येणार नाही.)

कॉलेजात लॅब होती. तिला कुलूप होतं. किल्ली विभागप्रमुखांकडे असायची. मुलांनी हाताळून यंत्रं खराब होतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून यंत्रं प्लास्टिकखाली नवीकोरी होती आणि मुलंही तशीच कोरी बाहेर पडत होती. हे जस्टिननं घरी चिडून सांगितलं, तेव्हा पेरूला मीठ लावता लावता सर सहज म्हणाले, "मग आपल्या पडवीत करा की."

बास. तो पेरू घशात अडकला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

पडवी म्हणजे घराच्या पुढची पत्र्याची जागा. तिथं मम्मीचं शिलाई मशीन, सरांची जुनी सायकल आणि एक खाट. पुढं अंगण, अंगणात लिंब. सायली-पंकज सुट्टीच्या दिवशी सकाळीच एस्टीनं यायचे. मम्मी पोह्यांची परात मांडायची. आणि खाटेवर बसून सर सुरुवात करायचे, "फेकणं म्हणजे काय, हे आधी समजून घ्या."

पहिलं यंत्र रबरबँडचं होतं. म्हणजे परकराला घालतात त्या इलॅस्टिकचं. मम्मीनं आख्खं बंडल काढून दिलं. लाकडी फळीला दोन खुंट्या, मध्ये ताणलेलं इलॅस्टिक, त्यात बॉल. पंकजनं ताणलं, सायलीनं कोन सांगितला, जस्टिननं सोडलं. बॉल जागेवरच राहिला, खुंटी तेवढी गेली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरली आणि आमटीच्या पातेल्यात पडली.

"लागली का मम्मी?" जस्टिन ओरडला.

"मला न्हाई, आमटीला," आतून आवाज आला.

मग सर उठले. "तुम्हाला गोफण माहीत आहे का गोफण?" तिघांनी एकमेकांकडं बघितलं. सरांचा आवाज बदलला, आणि शुद्ध भाषा गळून पडली. "आमी लहानपनी ज्वारीच्या राखनीला माळ्यावर बसायचो. पाखरू दिसलं की गोफन फिरवायची, आन सोडायची. पार त्या बांधाला धोंडा जायचा. मोटर न्हाई, वायर न्हाई." सरांनी मम्मीची जुनी ओढणी घेतली, मध्ये बॉल ठेवला, अंगणात उभे राहिले आणि डोक्याभोवती फिरवू लागले. खरं सांगायचं तर त्या वेळी ते म्हातारे दिसत नव्हते. माळ्यावर उभं राहिलेलं एखादं दांडगं पोर दिसत होतं. पोरगं डौलात होतं, ओढणी डौलात होती. फक्त सोडायची वेळ चुकली. बॉल मागं गेला आणि अंगणातल्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांमधून आरपार निघाला.

"धोंडा जड असतो," सर दम टाकत म्हणाले. "बॉल हलका पडला."

"अहो, त्या कुरडया वर्षभराच्या होत्या!" मम्मी दारात.

"हवेचा रोध," सर म्हणाले आणि घरात गेले.

शेवटी सायलीनं डोकं लावलं. दोन चाकं आडवी, शेजारी शेजारी, उलट दिशांनी फिरणारी. मधली फट बॉलपेक्षा जरा कमी. मागून बॉल ढकलला की दोन्ही चाकं त्याला चिमटीत धरणार आणि पुढं भिरकावून देणार. चाकं सगळ्या यंत्राच्या वर, उंचावर, म्हणजे बॉल लांब जाईल. "फक्त चाकाला पकड पायजे," सायली म्हणाली. "नुसतं प्लास्टिक सटकतंय. वरून रबर चढवायला लागंल. जाड, खरखरीत."

तिघंही पडवीत रबर शोधू लागले. सर खाटेवरून बघत होते. मग उठून त्यांनी भिंतीला टांगलेली सायकल खाली घेतली. या सायकलीवरून ते सगळी नोकरी करून आले होते. डबा एका हँडलला, नकाशांची गुंडाळी दुसऱ्या हँडलला. रिटायर झाल्यावरसुद्धा दर शनिवारी तिला पुसायचे आणि हवा भरायचे, जशी काही सोमवारी शाळा आहे. सरांनी ट्यूब बाहेर ओढली आणि सायलीच्या हातात दिली.

"सर, न्हाई ओ, आपन बाजारातून आनू की," सायली म्हणाली.

"बाजारात अशी मिळत नाही," सर म्हणाले. "हिला नगर-सोनई रस्ता पाठ आहे."

(हे इथं लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. कळवळा आवरा. पहिलं वाक्य आठवा.)

ट्यूब कापून चाकांवर चढवली. मोटर जोडली. चाकं घुर्र करून फिरली. जस्टिननं मागून बॉल ढकलला आणि बॉल जो सुटला तो लिंबाच्या फांदीखालून थेट कुंपणापाशी ठेवलेल्या मम्मीच्या धुण्याच्या बादलीत. ढुब्ब. मग पंकज नाचला, सायलीनं फळीवर हात आपटले, मम्मी पिठाच्या हातांनी बाहेर आली. सर हळूहळू बादलीपर्यंत गेले, ओला बॉल काढला, धोतराला पुसला आणि परत आणून जस्टिनच्या हातात दिला.

"पुन्हा."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेच चाललं. चाकं घुर्र, बॉल ढुब्ब, आणि सर बॉल आणायला. एवढा शिकलेला माणूस, पंच, जुना शिक्षक, अंगणात बॉलमागं पळतोय आणि "जरा डावीकडं घ्या!" म्हणून ओरडतोय. वस्तीतली माणसं कुंपणाशी थांबून बघत होती. मम्मीनं बादलीच्या शेजारी बसून बटाटे सोलले आणि प्रत्येक ढुब्बला "आता भिजवू नका रे" म्हणाली. यंत्राला तिनंच नाव दिलं, चेंडूफेक्या. पडद्याच्या उरलेल्या कापडातून त्याला गवसणी शिवली, पेटीला घालतात तशी, आणि कोपऱ्यावर निळ्या दोऱ्यानं जस्टिनचं नाव भरलं. आजही कुणी जस्टिनला विचारलं की शिकून काय मिळवलंस, तर त्याला ती संध्याकाळ आठवते. पण ती बायोडेटावर लिहिता येत नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या निघण्याआधी समर्पण करू."

"न्हाई," जस्टिन म्हणाला.

"लहान प्रार्थना करेन."

"तुमची लहान प्रार्थना संपेस्तोर स्पर्धा संपंल. आन पंकज, सायली असनारेत. मशीनला काय प्रार्थना? शास्त्र हाय ते."

सर गप्प बसले. सर गप्प बसले की सुटलो असं वाटतं. इथंच चूक होते. मोठी माणसं वाद हरत नाहीत. ती फक्त जागा बदलतात.

सकाळी शेजारच्या गोरक्षनाथच्या टेम्पोत चेंडूफेक्या चढवला. गवसणी घातलेलीच होती. सर आणि मम्मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मुलगा ऐतिहासिक काम करणार आणि आपण घरी, हे त्यांना जमणार नव्हतं. मागं तिघं यंत्राला धरून. रस्ताभर सर गोरक्षनाथला दख्खनच्या पठाराचा उतार समजावून सांगत होते. गोरक्षनाथ "व्हय सर, व्हय सर" करत खड्डे चुकवत होता.

नगरच्या त्या हॉलमध्ये प्रत्येक संघाला सरावाला वेळ मिळणार होता. नोटिशीत तसं लिहिलं होतं. पण आधी उद्घाटन होतं, आणि प्रमुख पाहुणे होते आप्पासाहेब. मग दीप, मग हार, मग शाल, मग नारळ, मग प्रास्ताविक, मग परिचय, मग आप्पासाहेबांचं तरुणांनी वेळेचं महत्त्व ओळखावं यावर भाषण. ते ओळखून होईपर्यंत सरावाची वेळ संपली. आप्पासाहेबांना पहिल्याच रांगेत सोफ्यावर बसवलं, हातात चहा दिला. त्यांनी मागं वळून सरांना हात केला. सर खुशीत उभे राहिले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमचा जस्टिन! तोच, तुमच्याकडं पाठवायचा म्हणत होतो तो!"

जस्टिननं दात खाल्ले आणि गवसणी काढली. एक ओळखीचा वास आला. मम्मीच्या शिलाई मशीनचा असेल, असं त्याला वाटलं. पडवीतल्या सगळ्याच गोष्टींना तो वास होता. समोर टोपली. शेजारच्या पट्ट्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजचा संघ, त्यांची टोपली. शिट्टी वाजली.

चाकं घुर्र फिरली. पंकजनं बॉल ढकलला. चाकं फिरत राहिली आणि बॉल मध्ये बसून राहिला, सलूनच्या खुर्चीत बसल्यासारखा निवांत. मग हळूच निसटला आणि जस्टिनच्या पायाशी पडला. पुच्.

"ढकल जोरात!" सायली.

"ढकलला की!" पंकज.

जस्टिननं चाकाला बोट लावलं. बोट सटकलं. त्यानं बोट नाकाशी नेलं. मग सावकाश मागं वळून बघितलं. दुसऱ्या रांगेत एलिया सर डोळे मिटून, ओठ हलवत बसले होते.

"पप्पा!" जस्टिन सगळ्या हॉलसमोर ओरडला. "चाकाला तेल कुनी लावलं?"

सरांनी डोळे उघडले. "अभिषेक केला पहाटे. तू नको म्हणालास म्हणून प्रार्थना मनातच केली."

"आन चाकाला?"

"अभिषेक मस्तकावर करतात," सर शिक्षकाच्या शांतपणानं म्हणाले. "त्याचं मस्तक कुठलं, म्हणून नीट पाहिलं. सगळ्यात वर चाकं होती."

"बोटभर ना?"

"पहिल्यांदाच तुझी काहीतरी वस्तू होती," सर म्हणाले. "सगळी बाटली केली."

"आन तेलाचे वघळ येत हुते खाली," मम्मी मदतीला धावली, "म्हनून मी फडकं घेऊन समद्या रबराला सारखं पुसून लावलं. कुटं कमी, कुटं जास्त नको."

सायलीनं कपाळावर हात मारला. घड्याळ चालू होतं. "पुस, पुस, लवकर पुस!" जस्टिननं सदरा काढला आणि डावं चाक घासायला लागला. जीव खाऊन घासलं. डावं चाक कोरडं खडखडीत झालं, उजव्याकडं वळणार तेवढ्यात स्पर्धेचे पंच ओरडले, "वेळ संपत आली, बॉल टाका!" आणि पंकजनं, ज्याला आयुष्यात फक्त या एकाच वेळी कुणाचं तरी पटकन ऐकावंसं वाटलं, बॉल टाकला.

आता एक चाक धरतंय आणि दुसरं सोडतंय म्हटल्यावर बॉल कुठं जाणार? टोपलीकडं तर नक्की नाही. तो गिरक्या घेत तिरका सुटला, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर आला, आप्पासाहेबांच्या हातातला कप उडवला, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर पोटाच्या मधोमध बसला, तिथं चहाच्या डागावर तेलाचा गोल शिक्का उमटवून उसळला, आणि शेजारच्या संघाच्या टोपलीत पडला. ढुब्ब.

मग शेजारच्या संघातलं कुणीतरी भीत भीत विचारलं, "हा गोल आमाला का?"

पंचांनी नियम बघितले. बॉल कुठल्या यंत्रातून यावा, हे नियमात नव्हतं. त्यांना गोल दिला. ते त्याच गोलावर राज्याला गेले.

आप्पासाहेब उठले. सदरा पोटापासून लांब धरून सरांपाशी आले. शालीनं पोट झाकता येत होतं, पण ती तेलकट झाली असती.

"सर," ते म्हणाले, "ह्यालाच पाठवनार होता ना माझ्याकडं?"

"मुलगा गुणी आहे," सर म्हणाले. "आणि तेल शुद्ध होतं. डाग राहणार नाही."

डाग राहिला. आप्पासाहेबांनी पुढं कधी सरांचा फोन उचलला नाही.

परतीच्या वाटेवर टेम्पोत सर पठाराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पार घोडेगाव मागं पडल्यावर पुढून त्यांचा आवाज आला, "गोफणीत हा धोका नव्हता." मागं पंकज हसला, मग सायली हसली, मग गोरक्षनाथ, आणि शेवटी मम्मीसुद्धा पदर तोंडावर घेऊन. जस्टिन हसला नाही. शब्द दिला होता आणि एकही बॉल आपल्या टोपलीत पडला नव्हता. सोमवारी त्यानं कॉलेज सोडलं. विभागप्रमुखांनी कारण विचारलं नाही. लॅब आणखी थोडी सुरक्षित झाली एवढंच त्यांना कळलं.

आता जस्टिन शेवगावात दुसऱ्याच्या दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरतो. सायली पुण्याला गेली. पंकजनं वेल्डिंगचं दुकान टाकलं. तिथं गेलं की तो अजून आधी खायला घालतो. मम्मीला जाऊन दोन पावसाळे झाले. शिलाई मशीन पडवीत आहे, सायकल भिंतीला आहे, ट्यूबशिवाय. चेंडूफेक्या खाटेशेजारी उभा आहे, पडद्याच्या कापडाची गवसणी घालून. निळा दोरा थोडा उसवलाय. जस्टिन ते नाव शिवत नाही आणि कुणाला शिवूही देत नाही.

रविवारी तो सोनईला आला की सर गवसणी काढतात. चाकं चकचकीत दिसतात. अजून दर शनिवारी सर त्यांना तेल लावतात. सायकल पुसायचे त्याच दिवशी, त्याच फडक्यानं. कितीदा सांगितलं, नका लावू. "रबर सुकतं रे," म्हणतात. मग बटण दाबतात. चाकं घुर्र फिरतात. जस्टिन मागून बॉल ढकलतो. बॉल खुर्चीत बसतो, विचार करतो आणि पुच् करून खाली पडतो. पण आता सर तयार असतात. गुडघे दाबत वाकून त्यांनी मम्मीची बादली नेमकी चाकांच्या खाली धरलेली असते. ढुब्ब.

"बघ," एलिया सर म्हणतात. "पडला की नाही?"

जस्टिन बॉल उचलतो, धोतराला पुसायला त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, "पुन्हा."

या सगळ्यात त्याचं गेलं ते एवढंच: कॉलेज, आणि कॉलेज सुटल्यावर मिळणार होती ती नोकरी.